तडा की चीर

चीर वेगळी आणि तडा वेगळा. ज्याला हे कळत नाही त्यानं भिंतीला हात लावू नये, असं मी जन्मभर सांगत आलो. चीर म्हणजे प्लास्टर वाळताना वरचं कातडं फाटतं ती. केसाएवढी असते, सिमेंटचं पाणी फिरवलं की बुजते. तडा आतून येतो. चीर दिसली तर मी चहा पीत बसायचो, तडा दिसला तर कप खाली ठेवून उठायचो. चाळीस वर्षं हातात ओळंबा धरलेल्या माणसाला हा फरक कोणी शिकवायचा नसतो.

आणि नगरपालिकेनं मला कागद धाडला, त्यात लिहिलं होतं, तडा.

गावाचं नाव मी लिहीत नाही. माणसांचीही नाही. जालना जिल्ह्यातलं आहे, पेठ आहे, एसटी येते, एवढं पुरे. ज्यांचं त्यांना कळेल.

लातूरकडं भूकंप झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. आमच्याकडं नुसती भांडी वाजली होती. पण नगरपालिकेला जाग आली आणि पेठेतल्या दुमजली इमारतींच्या मालकांना कागद वाटायला सुरुवात झाली. माझी इमारत एसटी उभी राहते तिच्या समोरच. खाली दोन गाळे, वर आम्ही दोघं नवराबायको. एका गाळ्यात माझ्या फळ्या, बल्ल्या, घमेली. दुसऱ्यात टेलर मास्तर भाड्यानं. रस्त्याच्या अंगाला वर चार फूट बाहेर आलेली गॅलरी आणि गॅलरीच्या कठड्यावर दोन मोर. सिमेंटचे. साच्यातून काढलेले नव्हेत, हातानं घडवलेले. पिसाऱ्यातला एकेक डोळा मी चहाच्या चमच्यानं कोरला होता. लोक पत्ता सांगताना 'मोराच्या बिल्डिंगपाशी' असंच सांगायचे. एसटीतून उतरलेला आणि एसटीला थांबलेला प्रत्येक माणूस त्या गॅलरीच्या सावलीत उभा राहायचा. मास्तरची मशीनही तिथंच, ओट्यावर, कारण गाळ्यात आत उजेड कमी.

मी चौथी शिकलो. वाचायला मला कोणी लागत नाही, वेळ लागतो. कागद मी स्वतःच वाचला, बोट ठेवून, मोठ्यानं. "आपल्या इमारतीच्या दर्शनी भागास तडा गेल्याचे निदर्शनास आले असून सदर भाग धोकादायक आहे."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती टेंभुर्णीची, शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "दर्शनी भाग म्हंजे देवघर का वो? देवघराला कुठं तडा गेला?"

मी म्हणालो, "तुला काय करायचं? तू तुझं काम कर."

ती आत गेली आणि खरंच देवघराची भिंत चाचपून आली. मला हसू आलं, पण तिला समजावून सांगावं असं काही वाटलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं लागेल.

त्याच दिवशी कागद घेऊन मी नगरपालिकेत गेलो. टेबलामागच्या कारकुनाला म्हणालो, "ह्यातला तडा खोडा आणि चीर लिहा."

"काय?"

"तडा न्हाई तो. चीर आहे. प्लास्टरची. मी स्वतः बांधलेली बिल्डिंग आहे."

त्यानं छापील फॉर्म माझ्यासमोर धरला. "काका, हे पाहा. तडा, ओल, झुकणे, इतर. ह्याच्यात चीर कुठंय? चीरला रकानाच न्हाई."

"मंग इतरमध्ये लिहा."

"इतरमध्ये आम्ही काही लिहीत नसतो."

काय बोलावं ह्याला? ज्या कागदावर चीर लिहायला जागा नाही, त्या कागदावर माझी इमारत धोकादायक ठरली. मी आवाज चढवला. टेबल वाजवलं. इतकं वाजवलं की आतल्या खोलीतून ओव्हरशियर बाहेर आला. तिशीचा, अंगानं काटकुळा, चष्मेवाला. कागदावर सही त्याचीच होती. मी त्याला म्हणालो, "साहेब, तुमच्या वयापेक्षा माझ्या थापीचं वय जास्त आहे."

तो चिडला नाही. म्हणाला, "चला मिस्त्री, तुमच्याच घरी जाऊन पाहू."

तो आला. दारात चपला काढल्या. हे मी तेव्हा पाहिलं आणि सोडून दिलं, पण आज लिहितो, कारण त्याच्यानंतर आमच्या घरी आलेल्या कुठल्या सरकारी माणसानं चपला काढल्या नाहीत आणि कोणी जिनाही चढला नाही. गॅलरीत येऊन तो गुडघ्यावर बसला. उंबऱ्याच्या पलीकडं, जिथून गॅलरी भिंतीबाहेर निघते तिथं, कोब्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ होती. त्यानं खिशातली पेन्सिल काढून टोक रेघेत घातलं.

"मिस्त्री, शिसं आत गेलं. चिरीत जातं का?"

"कोबा जाड आहे माझा. तेवढं जाणारच."

"बरं. समोरच्या हॉटेलात बसून कधी वर पाह्यलंय? शेजारच्या इमारतीच्या रेषेला तुमचा कठडा बराबर नाही. मोर मान खाली घालून उभे आहेत."

माझ्या मस्तकात गेलं. "साहेब, गॅलरीवर बोला, मोरांवर बोलायचं काम न्हाई."

पण मी काही अडाणी नव्हतो. माझे उस्ताद जालन्याचे, जुन्या चुन्याच्या कामातले. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली होती. भेगेबद्दल शंका आली की भांडायचं नाही, तिच्यावर आडवी काचेची पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करायची आणि वाट पाहायची. भेग झोपलेली असेल तर काच तशीच राहते. भेग जिवंत असेल तर काच फुटते. काचेला ताण सोसत नाही, ती सरळ तुटते. मी ओव्हरशियरला विचारलं, "तुमच्या पुस्तकात काच आहे का?"

तो पहिल्यांदा हसला. "आहे मिस्त्री."

जुन्या फोटोच्या काचेतून मी वीतभर पट्टी काढली. कोपऱ्यात, तुळशीच्या डब्यामागं, जिथं कोणाचा पाय पडत नाही, तिथं रेघेवर आडवी बसवली. ओल्या सिमेंटमध्ये खिळ्यानं तारीख ओरखडली. मे महिना होता. मग मी उभा राहून म्हणालो, "हा उन्हाळा आणि पुढचा पावसाळा जाऊ द्या. काच फुटली तर तुमच्या कागदाची गरज न्हाई, मी स्वतः घण घेऊन गॅलरी पाडीन. मोरांसकट. न्हाई फुटली तर तुम्ही तडा खोडायचा."

"कबूल. पण तोवर खालून बल्ल्यांचा टेकू द्या. खाली माणसं बसतात."

"माझ्या गॅलरीला कुबड्या? पेठेत माझं तोंड काय राहील? मला कोण काम देईल मंग?"

त्यानं एकदा माझ्याकडं आणि एकदा खाली मास्तरच्या मशीनकडं पाहिलं. मशीन चालू होती. "लिहून ठेवतो, की मी सांगितलं होतं," एवढंच बोलून तो गेला.

हे सगळं गॅलरीत आम्हा दोघांत झालं. बायकोला मी चहा ठेवायला आत धाडलं होतं. ती काच कशाची, हे मी तिला सांगितलं नाही, मास्तरला नाही, कोणालाच नाही. परतूरपासून टेंभुर्णीपर्यंत ज्याच्या हातच्या भिंती उभ्या आहेत, त्यानं स्वतःच्याच घराला तपासणी लावली हे गावभर कशाला?

त्या दिवसापासून मी रोज सकाळी दात घासताना गॅलरीच्या दारातून मान काढून काच पाहायचो. आख्खी. मृग झाला, आर्द्रा झाली, आख्खी. पोळा झाला, आख्खी. दसरा झाला, दिवाळी झाली, काच ऊन पडलं की चमकायची. माझी छाती दिवसेंदिवस फुगत चालली. हॉटेलात बसून मी चार माणसांत म्हणायचो, "पुस्तकं वाचून भिंत कळत नसते."

दिवाळीनंतर मी ओव्हरशियरला शोधायला गेलो. माझी फार इच्छा होती की त्यानं पुन्हा गुडघ्यावर बसावं आणि ती काच पाहावी. तर त्याची भोकरदनकडं बदली झालेली. त्याच्या जागी नवा आला होता, भारदस्त, केस मागं फिरवलेला. मी म्हणालो, "साहेब, माझी काच पाहायला चला."

"कसली काच?"

मी सांगितलं. त्यानं अर्धंच ऐकलं. "तुमचं म्हणणं काय, बिल्डिंग चांगली आहे ना? मग झालं. प्रमाणपत्र देतो. उद्या तुमच्याच खाली येणार आहे, मास्तरकडं. सफारी शिवायचीय."

दुसऱ्या दिवशी तो आला. गॅलरीच्या बराबर खाली उभा राहिला. मास्तरनं टेप लावली. "हात ऊपर साहब," मास्तर म्हणाला. साहेबानं हात वर केले. मान नाही केली. तशीच छाती मोजून झाली, मग कटिंगच्या टेबलावर कागद ठेवून त्यानं सही केली आणि शिक्का मारला. 'इमारतीचा दर्शनी भाग सुस्थितीत व सुरक्षित आहे. सदर प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे.'

मला काय आनंद झाला, काय सांगू! मी तो कागद फ्रेम करून घेतला आणि मास्तरच्या मशीनच्या वर, लोकांना दिसेल असा लावला. एसटीला थांबलेली माणसं तो वाचत उभी राहायची. त्या गॅलरीच्या खाली.

पुढच्या उन्हाळ्यात, पाऊस तोंडावर आला होता तेव्हा, मी मास्तरच्या स्टुलावर बसलो होतो. बंडी शिवायची होती. मास्तरच्या ओठांत टाचण्या. वरून गॅलरीतून बायकोचा आवाज आला. मी खाली आहे हे तिला माहीत नव्हतं.

"मास्तर, ओ मास्तर! फ्रेमवाल्याकडून तेवढा काचाचा तुकडा कापून आणता का? पुन्हा फुटला."

मास्तरनं टाचण्या काढल्या. "भाभी, ये तीसरा है. ऊपर क्रिकेट खेल रहे क्या?"

मी स्टुलावरून उठलो नाही. मास्तरला विचारलं, "कसला तुकडा?"

"मेरे कू क्या मालूम मिस्त्री? भाभी बोलतीं, मैं कटवा के देता. इत्ता." आणि त्यानं टेपवर बोट ठेवून दाखवलं. बराबर एक वीत.

जिना कसा चढलो ते आठवत नाही. बायको गॅलरीत तुळशीच्या डब्याशी बसली होती. हातात फुटक्या काचेचे दोन तुकडे, शेजारी वाटीत कालवलेलं सिमेंट. मला पाहून ती दचकली.

"किती वेळा बदलली?"

"ओरडू नका. माझा झाडू लागला असंल."

"किती वेळा?"

"एकदा नागपंचमीच्या आधी घर धुतलं तवा. मंग दसरा काढला, गोधड्या-भांडी धुतली तवा. आन ही आज. फुटकी काच घरात ठेवतेत का? म्हणून काढली आन नवी बसवली. तुमी रोज सकाळी तिच्याकडं पाहून राह्यले, म्हणलं तुमच्या कामाची असंल. फुटली म्हणून कळलं तर माझ्यावर तोंड सोडसाल."

"अगं, ती फुटायसाठीच लावली होती!"

"मंग सांगायचं न्हाई का? फुटायसाठी कोण काच लावतं?"

"नगरपालिकेचा कागद आल्ता तो ऐकला न्हाई का तू? दर्शनी भागाला तडा—"

"दर्शनी भाग मी रोज पाहत होते की! रोज दिवा लावताना देवघराची भिंत चाचपत होते. तुमी म्हणल्ते, तुला काय करायचं." तिचा आवाज आता माझ्यापेक्षा चढला होता. "वीस वर्षं तुमच्याबराबर माल कालवला, घमेली डोक्यावर वाहिली, तवा मला सगळं कळत होतं. आन काच कशाची ते कळलं नसतं का?"

मी खाली बसलो. चष्मा लावला आणि त्या सिमेंटकडं पाहिलं. तिनं बसवलेली काच माझ्यापेक्षा सरळ असणार, हात तिचा साफ आहे. तारीखही तिनं जुन्यासारखीच खिळ्यानं ओरखडून ठेवली होती. तिला आकडे येत नाहीत. चित्र काढावं तसे तिनं ते काढले होते, आणि त्यातला पाच उलटा होता. दसऱ्यापासून मी रोज सकाळी ती काच पाहिली. उलटा पाच मला एकदाही दिसला नाही. नवा साहेब खालून मान वर करत नव्हता आणि मी दारातून मान काढत होतो. पाहिलं त्यानंही नाही आणि मीही नाही.

रेघेत मी थापीचं टोक घातलं. पेन्सिलीचं नाही, थापीचं. ते आत गेलं.

तेव्हाच्या तेव्हा गाळ्यातल्या सगळ्या बल्ल्या काढल्या आणि खालून टेकू दिले. मास्तरला म्हणालो, "मशीन उचला." तो म्हणाला, "मिस्त्री, वो क्या लिखा है देखो, सुरक्षित," आणि डोक्यावरच्या फ्रेमकडं बोट केलं. मी ती फ्रेम खेचून काढली तेव्हा त्यानं मुकाट्यानं मशीन उचलली आणि रस्त्यापलीकडं कडुलिंबाखाली नेली. पण एसटीची माणसं हटेनात. सावली सोडून उन्हात कोण उभं राहील? एक जण मलाच म्हणाला, "बाबा, तुमी कशाला घाबरून राह्यले? नगरपालिकेनं तपासलेली बिल्डिंग आहे ही." शेवटी मी काटे आणून टाकले.

दुसऱ्या दिवशी फ्रेम काखेत मारून नगरपालिकेत गेलो. कारकून तोच. मी फ्रेम टेबलावर ठेवली. "हे परत घ्या. खोटं आहे."

त्यानं दोन्ही बाजूंनी पाहिलं. "सही खरी आहे, शिक्का खरा आहे."

"बिल्डिंग खोटी आहे! तडा आहे तिला. तुमच्या फॉर्मवर रकाना आहे ना तड्याला? भरा!"

"काका, प्रमाणपत्र मागायला लोक येतेत. परत द्यायला कोणी आलं न्हाई आजवर. त्याचा अर्ज नसतो."

सफारीवाल्या साहेबाला गाठलं. अंगात मास्तरनंच शिवलेली सफारी. तो म्हणाला, "तुमच्या कागदावर सगळं चांगलं आहे. कशाला उकरता?"

"मला गॅलरी पाडायचीय."

"मग परवानगी लागेल. पण सुस्थितीतल्या इमारतीचा भाग पाडायची परवानगी कशी देणार? आधी ती धोकादायक ठरायला पाहिजे. त्याला पाहणी पाहिजे. ह्या वर्षीची पाहणीची यादी झाली."

"आन पाऊस आला तर?"

"पाऊस दर वर्षी येतो."

ह्या उत्तरावर आजही माझं रक्त तापतं. ज्या ओव्हरशियरशी मी भांडलो, ज्याला पेठेत नावं ठेवली, त्यानं गुडघ्यावर बसून पाहिलं होतं. आणि ज्यानं माझ्याशी वाद घातला नाही, माझ्या मनासारखा कागद दिला, त्यानं माझ्या गॅलरीखाली छाती मोजून घेतली आणि वर पाहिलं नाही. मी ह्या दुसऱ्याला भला माणूस समजत होतो. सहा-सात महिने मास्तरच्या डोक्यावर मी त्याचा शिक्का लटकवून ठेवला. ओव्हरशियर म्हणाला होता तसे टेकू दिले असते तर माझं काय गेलं असतं? नाक गेलं असतं. ते जपायला मी मास्तरला खाली बसवला.

मी शब्द दिला होता. ज्याला दिला तो भोकरदनला होता, ऐकायला दुसरं कोणी नव्हतं, पण दिला होता. घरी आलो, कमरेला दोर बांधून दुसरं टोक आतल्या खांबाला बांधलं, दोन गडी बोलावले आणि घण उचलला.

आधी मोर उतरवायचे होते. उतरवणं जमलं नाही, ते कठड्यातूनच उगवलेले होते. पहिल्या घावात उजव्याची मान गेली. समोरच्या हॉटेलातली माणसं उठून बाहेर आली. कोणीतरी ओरडलं, "मिस्त्री, डोकं फिरलं का?" मी म्हणालो, "हो, तुम्ही खाली उभं राहू नका." डाव्या मोराचा पिसारा फोडताना डोळे एकेक सुटून पडत होते. खाली मास्तरनं त्यातले दोन उचलून ठेवले, ते अजून त्याच्या काउंटरवर आहेत, कापड दाबून धरायला.

मग गॅलरी फोडली आणि जे दिसलं ते मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर वरचं सगळं खोटं.

स्लॅबच्या सळया खाली असतात. गॅलरीच्या वर असाव्या लागतात, कारण तिचं वजन बाहेर लोंबतं आणि ती वरून फाटायला पाहते. हे मला माहीत होतं. मी सळया वरच बांधल्या होत्या. पण फोडल्यावर पाहतो तर सगळ्या खाली, तळाला जाऊन बसलेल्या. आणि मग मला तो दिवस आठवला. स्लॅब टाकायचा दिवस, ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा उन्हाळा. टेंभुर्णीचे मेहुणे, सगळी सोयरी आली होती. नारळ फोडायचा तर कुठं फोडायचा? सगळ्यांना दिसेल असा, गॅलरीत. पंधरा-वीस माणसं त्या सळयांच्या जाळीवर उभी राहिली. नारळ फुटला, गूळ-खोबरं वाटलं, मेहुणा म्हणाला, "दाजी, पेठेत अशी गॅलरी न्हाई." सळया पायाखाली वाकलेल्या मी पाहिल्या होत्या. पाहिल्या होत्या! पण कालवलेला माल घट्ट व्हायला लागला होता, आणि स्तुती चालू होती, मी म्हणालो, "ओता, जल्दी ओता."

दुसऱ्या कोणाच्या कामावर हे दिसलं असतं तर मी काम थांबवलं असतं. त्या मिस्त्रीला शिव्या घातल्या असत्या.

गॅलरी पाडून झाली त्याच्या आठव्या दिवशी नगरपालिकेचा कागद आला. मी बोट ठेवून वाचला. 'आपण सुस्थितीतील इमारतीचा दर्शनी भाग विनापरवाना पाडून इमारतीस हानी पोहोचविली आहे. सात दिवसांचे आत लेखी खुलासा करावा.' जिवंत तड्याखाली मास्तर बसला तेव्हा खुलासा कोणी मागितला नाही. तडा काढला तेव्हा मागितला.

मास्तर म्हणाला, "वकील से लिखवा लो मिस्त्री." मी म्हणालो, "लिहिता येतं मला." वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, 'तडा होता. चीर नव्हती. पहिल्या साहेबांचं बराबर होतं. मी चुकलो व तुम्हीपण चुकले.' खाली सही केली. कारकुनानं पान वाचलं, आवक-जावकच्या वहीत नोंदवलं आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पेठेत अजून सात-आठ इमारतींवर त्याच सफारीवाल्या साहेबाच्या सहीची फ्रेम लटकलेली आहे. मी जाता-येता त्यांच्या गॅलऱ्यांकडं मान वर करून पाहतो आणि खाली उभ्या असलेल्यांना हटकतो. लोक म्हणतात, म्हातारा कामातून गेला. म्हणोत.

गॅलरी गेल्यावर तिचं दार हवेत उघडायला लागलं. ते काढून तिथं भिंत घालायची होती. गडी मी सांगितले नाहीत. बायकोनं पदर खोचला आणि माल कालवायला बसली, किती वर्षांनी. मी विटा लावत गेलो, ती घमेल्यातून माल देत गेली. एकदा मी म्हणालो, "पातळ झालाय." ती म्हणाली, "तुमचे डोळे पातळ झाले." शेवटची वीट बसली, मी ओळंबा सोडला, दोन्हीकडून पाहिलं. मग वाकून जवळून पाहिलं. ती हात धुता धुता म्हणाली, "ह्या भिंतीला काच लावू का?"

मी म्हणालो, "लाव. पण फुटली तर मला सांग."